भागल्यावर वाढलेलं उत्तर

द्वारकीला मी वर्गाच्या कोपऱ्यात उभं केलं, तेव्हा माझं वय वीस होतं आणि मला शिकवता येतं अशी माझी पक्की समजूत होती.

तेव्हा मी धुळ्याला अध्यापिका विद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. भाषावार राज्यं व्हायची होती, आम्ही मुंबई राज्यात होतो. माझं गाव यावल. आमचे आबा केळीचे बागाईतदार. मुलीला मास्तरीण करायचं म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून मला धुळ्याला आणून सोडलं होतं. निघताना एवढंच म्हणाले होते, "इंदू, नापास झाली तरी चालंल, पण शिकवनं आलं पाह्यजे."

ज्यांनी ट्रेनिंग केलं नाही त्यांना सराव पाठ म्हणजे काय ते सांगायला हवं. शिक्षक होणाऱ्या मुलीला खऱ्या शाळेतला एक वर्ग अर्ध्या तासासाठी देतात. आदल्या दिवशी तिने पाठाचं टाचण लिहायचं : मी काय विचारीन, मुली काय उत्तर देतील, फळ्यावर काय येईल. मुली काय उत्तर देतील हेही आपणच आधी लिहून ठेवायचं! आणि मागच्या बाकावर आपल्या बाई वही उघडून बसणार. त्या वहीत पेन्सिल चालली की वाटायचं काहीतरी चुकलं, आणि थांबली की वाटायचं फार मोठं चुकलं.

आमच्या मागे बसायच्या सोनाळकरबाई. अंकगणित कसं शिकवावं हा त्यांचा विषय. उंच, पांढरं नऊवारी, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

त्या दिवशी पाचवीचा वर्ग होता आणि पाठ होता अपूर्णांकांच्या भागाकाराचा. नियम सोपा आहे. ज्याने भागायचं तो अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. तीन भागिले एक द्वितीयांश म्हणजे तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. मी फळ्यावर सुरेख अक्षरात मांडलं. माझं अक्षर फार चांगलं होतं, त्याचाही मला गर्व होता. मुलींनी एका सुरात नियम म्हटला. टाचणाप्रमाणे सगळं चाललं होतं.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. काळीसावळी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. हीच द्वारका, म्हणजे द्वारकी. तिची आई जिनिंग फॅक्टरीत कामाला होती.

"बाई," ती म्हणाली, "भाग पाडा तं कमी व्हवाले पाहिजे ना? तीनना सहा कसा हुयनात?"

धुळ्याकडची अहिराणी आमच्या यावलच्या बोलीपेक्षा वेगळी, पण प्रश्न मला नीट कळला. भागल्यावर संख्या लहान व्हायला हवी, ती मोठी कशी झाली? कळलं नाही ते उत्तर. माझ्या टाचणात हा प्रश्न नव्हता. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यातही तो कधी आला नव्हता. सातवीपर्यंत शिकले, त्या काळची फायनल परीक्षा पास झाले, ट्रेनिंगचं एक वर्ष झालं, आणि उलटा करून गुणा हे मी शेकडो वेळा केलं होतं.

"नियम आहे तो. खाली बस."

ती बसली नाही. "पन बाई, का बरं?"

मागे पेन्सिल थांबल्याचं मला जाणवलं. माझे कान तापले. आणि मी जे बोलले ते आज इतक्या वर्षांनीही शब्दन् शब्द आठवतं.

"अक्कल असती तर विचारलं नसतंस. जा, कोपऱ्यात उभी राहा."

मुली हसल्या. द्वारकी गेली आणि भिंतीकडे तोंड करून पाठ संपेपर्यंत उभी राहिली. मी पुढची चार उदाहरणं सोडवून घेतली. सगळी बरोबर आली.

सोनाळकरबाईंनी वहीत दोनच ओळी लिहिल्या होत्या. "फलकलेखन उत्तम. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं." त्यांनी मला रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. मी विचारलं, "बाई, काय उत्तर द्यायला हवं होतं?" त्या म्हणाल्या, "ते मी सांगितलं तर ते माझं उत्तर होईल."

आठवड्याने पुन्हा त्या वर्गावर गेले तर तिसऱ्या ओळीतली जागा रिकामी. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "द्वारकी? ती येत नाही आता. त्या दिवसापासूनच नाही." त्यांनी ते सहज सांगितलं. पोरी शाळा सोडतच असत, कोणी त्याची चौकशी करत नसे. पण ही कशामुळे गेली ते मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात सोनाळकरबाईंनी मला बोलावून सांगितलं, की जळगावला प्राथमिक शाळांतल्या गणित शिक्षकांचं दोन दिवसांचं संमेलन आहे, तिथे मदतीला दोन मुली न्यायच्या आहेत, त्यातली एक तू. मला वाटलं, पाठ बिघडला म्हणून पाणी द्यायच्या कामाला लावताहेत. थंडीचे दिवस होते. आम्ही धुळ्याहून गाडीने चाळीसगावला गेलो, तिथे गाडी बदलून जळगावला. वाटेत बाई खिडकीतून कापसाची शेतं बघत होत्या.

संमेलन एका हायस्कूलच्या सभागृहात होतं. सगळे खानदेशातले मास्तर. टोप्या, फेटे, खाकी पिशव्या, कोटाच्या खिशाला लावलेली लाल-निळी पेन्सिल. बायका मोजून सात-आठ, त्यात आम्ही दोघी विद्यार्थिनी. माझं काम होतं येणाऱ्यांची नावं वहीत लिहिणं, पाणी देणं आणि दुपारच्या शंका-समाधानाच्या वेळी चिठ्ठ्या गोळा करणं. ज्यांना शंका विचारायची ते चिठ्ठीवर लिहून माझ्या ताटलीत टाकत, मी ताटली व्यासपीठावर नेऊन देई.

सकाळची भाषणं मी दाराशी उभी राहून ऐकली. एक मास्तर चिंचोके मांडून बेरजेतला हातचा कसा शिकवतो ते दाखवत होता. दुसरा म्हणाला, पावकी-निमकीचे पाढे पाठ करून घेण्यावरच आपण फार वेळ घालवतो, आणि त्यावर निम्मं सभागृह खवळलं. मला आश्चर्य वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही एवढी केस पिकलेली माणसं, "मला इथे अडचण येते" असं उभं राहून सांगत होती. शिक्षकाला अडचण येते हेच मला नवीन होतं. माझ्या समजुतीप्रमाणे अडचण मुलांना यायची.

दुपारी ताटली घेऊन फिरताना काय झालं कोण जाणे. भिंतीशी थांबले, नावं लिहायच्या वहीचं पान फाडलं, त्यावर घाईघाईने लिहिलं आणि इतर चिठ्ठ्यांच्या मध्ये घुसवलं. खाली नाव घातलं नाही.

पुण्याहून आलेले एक प्राध्यापक अध्यक्ष होते. चष्मा वर-खाली करत ते एकेक चिठ्ठी वाचत. पाच-सहा झाल्या आणि त्यांनी माझी उघडली.

"तीन भागिले अर्धा बरोबर सहा," त्यांनी मोठ्याने वाचलं, "भागल्यावर उत्तर वाढतं कसं, असं मुलीने विचारलं तर काय सांगावं?" मग ते थांबले आणि हळू आवाजात पुढचं वाचलं. "मला आलं नाही म्हणून मी तिला कोपऱ्यात उभं केलं. ती आता शाळेत येत नाही."

सभागृहात आधी हशा झाला. मग तो विरला.

"कोणाची चिठ्ठी?" अध्यक्षांनी विचारलं.

मी व्यासपीठाच्या पायरीशीच उभी होते, हातात रिकामी ताटली. गप्प राहता आलं असतं. समोर सोनाळकरबाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या.

"माझी," मी म्हणाले.

पहिल्या रांगेतले एक हेडमास्तर उठले. "ट्रेनिंगच्या मुलींनी आधी ऐकायला शिकावं. नियम म्हणजे नियम. दर नियमाचं कारण सांगत बसलो तर अभ्यासक्रम पुरा कधी व्हायचा?" बऱ्याच माना डोलल्या. माझ्या डोळ्यांत पाणी जमा व्हायला लागलं.

तेव्हा मागून कोणीतरी उठून पुढे आलं. साठीला आलेले, ठेंगणे, गुलाबी फेटा बांधलेले. धरणगावजवळच्या एका खेड्यात ते एकशिक्षकी शाळा चालवत, म्हणजे चारही इयत्ता एका खोलीत आणि मास्तर एकच. त्यांना सगळे नाना मास्तर म्हणत.

"अध्यक्षमहाराज, परवानगी असावी," ते म्हणाले, आणि भर सभेत त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवला. कुजबुज झाली. त्या काळी चारचौघांत मास्तराने बोडकं होणं ही साधी गोष्ट नव्हती. "पोरी, हे टोक धर."

मी ताटली खाली ठेवली आणि फेट्याचं टोक धरलं. नानांनी कोपरापासून बोटापर्यंत मापून तीन हात मोजले आणि चक्क त्या गुलाबी फेट्यावर खडूने रेघा मारल्या.

"हे कापड किती?"

"तीन हात."

"तीनला एकाने भाग, म्हणजे काय कर? एकेक हाताच्या पट्ट्या काढ. किती निघतील?"

"तीन."

"आता अर्ध्या-अर्ध्या हाताच्या काढ."

मी रेघांच्या मध्ये बोट ठेवत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

"सहा," मी म्हणाले. आणि तिथेच मला कळलं. माप लहान झालं म्हणून पट्ट्या जास्त झाल्या. कापड वाढलं नव्हतंच. भागाकार म्हणजे वाटून कमी करणं एवढंच मला ठाऊक होतं. एका मापाने दुसरं मोजणं हाही भागाकारच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

टाळ्या पडल्या. पण प्राध्यापक पुढे झुकले. "नाना, फार सुंदर. आता दोन तृतीयांशाने भागा. उत्तर साडेचार येतं. ते कापडावर दाखवा."

नानांनी खडू टेकवला. त्यांनी प्रत्येक हाताचे तीन-तीन भाग केले, दोन-दोन भागांची एक पट्टी मोजली. चार पट्ट्या झाल्या आणि एक तुकडा उरला. तो तुकडा होता हाताचा तिसरा भाग. म्हणजे चार आणि एक तृतीयांश? नियम तर साडेचार सांगत होता. नानांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"अध्यक्षमहाराज," नाना म्हणाले, "हे मला येत नाही. उद्या सांगतो."

इतक्या सरळपणे त्यांनी ते सांगितलं की कोणी हसलंच नाही. त्या हेडमास्तरांनीही खाली पाहिलं. पुढे मी पस्तीस वर्षं शिकवलं, अनेक शिबिरं केली, पण "मला येत नाही, उद्या सांगतो" या पाच शब्दांइतकं मला कशानेच शिकवलं नाही.

संध्याकाळी जेवणाआधी शाळेच्या ओट्यावर नानांनी मला हाक मारली. फेट्यावर रेघा तशाच. शेजारी सोनाळकरबाई येऊन बसल्या. आम्ही तिघं फेटा पसरून त्या उरलेल्या तुकड्यावर विचार करत बसलो. नाना म्हणत, नियम चुकला की कापड चुकलं? मी तो तुकडा इकडून तिकडे दुमडत होते. सहज म्हणून मोजलेल्या पट्टीवर तो ठेवून पाहिला. तो पट्टीच्या बरोबर निम्म्यावर आला.

"नाना! हा हाताचा तिसरा भाग आहे, पण पट्टीचा अर्धा आहे. आपण पट्ट्या मोजतोय, हात नाही मोजत. म्हणून साडेचार!"

नानांनी बोटाने हवेत मांडलं. "थांब. प्रत्येक हाताचे तीन तुकडे, म्हणजे तीनने गुणलं. दोन-दोनची एक पट्टी, म्हणजे दोनने भागलं. अगं, उलटा करून गुणा म्हणतात ते हेच की!" आणि ते असे हसले की आचारी बाहेर येऊन पाहून गेला. "तीस वर्षं झाली, बाई, तीस वर्षं मी हा नियम पोरांच्या गळी उतरवतोय, अन् आज माझ्या गळी उतरला."

सोनाळकरबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी सांगितलं, मी नाही, ही पोरगी दाखवेल. पाच मिनिटं मी बोलले. नाना फेट्याचं टोक धरून उभे होते. संपल्यावर प्राध्यापक म्हणाले, "त्या मुलीला हे सांगाल ना?"

धुळ्याला परतल्यावर मी पत्ता काढून पांझरा नदीच्या काठावरच्या वस्तीत गेले. रविवार होता. द्वारकीची आई दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून ती गडबडून उठली.

"द्वारकी आते मनासंगे जिनमा येस," ती म्हणाली. "पोरगी म्हनस, माले अक्कल नही शे, बाईनी सांगं."

म्हणजे पोरगी आता आईबरोबर फॅक्टरीत कामाला जात होती. मी ओट्यावरच बसले. "मावशी, अक्कल मला नव्हती. मी तिची माफी मागायला आलेय."

बाईंनी पोरीची माफी मागायची म्हणजे काय, हे त्या माउलीला कळेना. ती आत-बाहेर करू लागली. मी आत गेले. द्वारकी चुलीपाशी पाठमोरी बसली होती. केसांत कापसाचे तंतू. मी पिशवीतून कापडाची पट्टी काढली, जमिनीवर पसरली आणि नानांसारखं विचारत गेले. ती वळली नाही. मी एकटीच बोलत होते. अर्ध्या हाताच्या पट्ट्या मोजून झाल्या, तेव्हा ती हळूच सरकत जवळ आली.

मग मी दोन तृतीयांश घेतलं. तिने चार पट्ट्या मोजल्या. "अन् हाऊ उरना," ती म्हणाली.

"हा किती?"

"तिसरा भाग." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "नही बाई. अर्धा. आखो एवढाच लागी, तव्हय एक पुरी हुई."

आणखी तेवढाच तुकडा जोडला की एक पट्टी पुरी होते! जे शोधायला आम्हा तिघा शिक्षकांना एक संध्याकाळ लागली, ते तिला तेवढ्यात दिसलं. कारण प्रश्न तिचा होता.

आईने आमच्या दोघींकडे पाहिलं. तिला गणितातलं काही कळलं नसावं, पण पोरीचा चेहरा कळला. "सकाय धाडस तिले," ती म्हणाली.

आईने सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकी शाळेत आली. पण माफी मी तिच्या घरी मागितली होती आणि अपमान सगळ्या वर्गासमोर केला होता. तो हिशोब मला टोचत होता. म्हणून पुढच्या पाठाच्या सुरुवातीला वर्गालाच सांगितलं, की द्वारकीने विचारलेला प्रश्न चांगला होता आणि मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी रागावले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे सोनाळकरबाईंची पेन्सिल चालू होती की थांबली होती, याकडे माझं लक्षच नव्हतं.

पुढे वार्षिक पाठ आला. त्याला बाहेरचे परीक्षक येतात आणि त्यावरच ट्रेनिंगची मुलगी पास की नापास ते ठरतं. मला तोच वर्ग मिळाला. पाठ भागाकाराचाच होता. कापडाच्या पट्ट्या करून आणल्या होत्या, मुली भराभर सांगत होत्या. शेवटची पाच मिनिटं राहिली आणि पुढच्या बाकावरच्या सुमनने हात वर केला.

"बाई, शून्याने भागलं तर?"

मी फळ्याकडे वळले. मला वाटलं उत्तर शून्य. मग वाटलं, नाही. खडू हातातच राहिला. मागे परीक्षक, त्यांच्या शेजारी सोनाळकरबाई. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती.

"सुमन, मला आता नीट सांगता येत नाही. मी शोधते आणि उद्या सांगते."

पाठ संपल्यावर परीक्षकांनी मला थांबवलं. "परीक्षेच्या पाठात मुलींसमोर 'येत नाही' म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या भेटलात. आणि उद्या सांगते म्हणालात. उद्या तुमचा पाठ नाही. तुमची परीक्षा आज संपली."

"हो. पण तिला सांगितलंय उद्या."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला गुण मधलेच पडले, पण पास झाले. काय लिहिलं होतं ते मी कधीच विचारलं नाही.

नानांशी माझा पत्रव्यवहार पुढे बरीच वर्षं चालला. कार्डावर एक गणित असे आणि खाली "कळवणे". सोनाळकरबाईंचे आभार मात्र मी कधी तोंडाने मानले नाहीत. एवढं मोठं काम त्यांनी न बोलता केलं, आणि मला शब्द सुचेपर्यंत त्या गेल्या. ते राहून गेलं ते गेलंच. माझ्या हातून आणखीही काही मुलींचे प्रश्न पुढे घाईत राहून गेले असतील. त्यांच्या घरी मी गेले नाही, कारण मला ते कळलंच नाही.

पण त्या परीक्षेच्या पाठाच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले होते. वर्गशिक्षिकांनी दहा मिनिटं दिली आणि त्या बाहेर गेल्या. मी पट्टी पसरली आणि विचारलं, "तीन हात कापडातून शून्य हाताच्या पट्ट्या काढा. किती निघतील?"

मुली काढायला लागल्या. हवेत कात्री चालवायला लागल्या. "एक, दोन, दहा, शंभर..." हसू फुटलं.

"कापड कमी झालं का?"

"नाही!"

"मग कधी संपेल?"

द्वारकी उठली. "कव्हयच नही, बाई. मंग त्याले उत्तरच नही शे."

"नाही," मी म्हणाले. "म्हणून शून्याने भागतच नाहीत."

सुमन समाधानाने खाली बसली. मी विचारलं, "आणखी कोणाला काही विचारायचंय?"

आधी एक हात वर झाला. मग दुसरा. मग मागच्या ओळीतले, जे वर्षभर कधी वर झाले नव्हते, तेही. दहा मिनिटं होऊन गेली होती. वर्गशिक्षिका दारात येऊन उभ्या राहिल्या. मी पट्टी गुंडाळायला लागले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, त्या सगळ्या हातांकडे पाहिलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

"घ्या," म्हणाल्या.